टाकीतलं खारं पाणी

धक्क्यावर ती सगळ्यांची वहिनी होती. खाडीच्या या काठावरून त्या काठाला माणसं नेणारी बोट तिच्या नवऱ्याची. सुकाणू धरायचा तिचा धाकटा दीर, आणि तो तिला वहिनी म्हणायचा म्हणून तिकीट फाडणारा, चहावाला, पलीकडच्या कारखान्यात जाणारे कामगार, सगळ्यांचीच ती वहिनी झाली. तिच्याहून वयानं मोठे म्हातारेसुद्धा "वहिनी, जरा हात द्या" म्हणत बोटीत चढायचे आणि वहिनी हात द्यायची. आपल्याला कोण हात देतं, हा प्रश्न विचारत बसायचा नाही, असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

नवऱ्याला लोक कप्तान म्हणायचे. नाव चेष्टेनंच पडलं होतं, कारण एवढ्याशा बोटीला कसला आलाय कप्तान. पण माणूस असा ताठ, बोटीत पाय ठेवायच्या आधी चपला झटकायला लावणारा, वाऱ्याचा रंग बघून फेरी रद्द करून टाकणारा, की त्यातली चेष्टा हळूहळू विरून गेली आणि नाव तेवढं राहिलं. मग एका सकाळी दात घासता घासता कप्तान मोरीतच खाली बसले. उठवलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्यांचं ऐकेनासे झाले होते. औषधं झाली, मालिश झाली, ज्यानं जे सांगितलं ते झालं. पाय थोडाफार परत आला. हात मात्र पेला धरण्यापुरताच आला. आवळायचं म्हटलं की बोटं नुसती थरथरायची.

बोट थांबवून चालणार नव्हतं. दीर सुकाणू सोडू शकत नव्हता आणि दुसरा माणूस ठेवावा तर तो इंजिनाला काय करून ठेवील याचा भरवसा नाही. वहिनी इतकी वर्षं बोटीवर तिकिटं देत, नवऱ्याच्या हातात पाना देत वावरलेली. तिला इंजिन कळत होतं. कळत होतं म्हणून तिच्या गळ्यात पडलं. ज्याला येतं त्यालाच करावं लागतं, हा तर जगाचा न्याय आहे.

तिचा दिवस टाकीपासून सुरू व्हायचा. इंजिनामागच्या फळ्या उचलायच्या, पोटावर आडवं व्हायचं, हात खाली घालून टाकीच्या बुडाशी असलेला छोटा नळ चाचपायचा आणि काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढायचं. मग बरणी फळीवर ठेवून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत बरणीतला जो तो आपापल्या जागी जाऊन बसतो, डिझेल वर आणि पाणी खाली. पाणी असेल तर मध्ये रेघ दिसते. रेघ नसली की दिवस बरा.

"डिझेल आणि पाणी म्हणजे सासू-सून," कप्तान सांगायचे. "एका भांड्यात कितीही दिवस ठेव, एकजीव व्हायची नाहीत." त्यांची आई होती तोवर हे ते हळू आवाजात सांगायचे, ती गेल्यावर मोठ्यानं सांगायला लागले.

संध्याकाळी शेवटची फेरी झाली की टाकी गळ्यापर्यंत भरायची. पाठ कितीही मोडलेली असो, भरायचीच. टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या जागेतली हवा रात्री गार पत्र्याला लागून घामेजते आणि तो घाम ओघळून डिझेलमध्ये उतरतो. "टाकीला उपाशी झोपवायचं नाही," असा कप्तानांचा दंडक. डिझेलचे कॅन आदल्या दिवशीच आणून ठेवायचे, म्हणजे गाळ आणि पाणी खाली बसतं. ओतताना कॅन हिसडायचा नाही, तळाचं बोटभर कॅनमध्येच सोडायचं. नरसाळ्यात बारीक जाळी. आणि शेवटी डेकवरचं पितळी झाकण चावीनं आवळायचं. हे झाकण डेकच्या फळीशी सपाट बसवलेलं, त्यावरूनच माणसांची ये-जा. त्याखाली रबराचं कडं. झाकण नीट आवळलं की त्यावर समुद्र ओता, थेंब आत जाणार नाही.

घरी आल्यावर कप्तान खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असायचे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आज किती?" म्हणजे बरणीत पाणी किती निघालं. वहिनी म्हणायची, "काही नाही." दुसरा प्रश्न, "बाकी?" वहिनी म्हणायची, "सगळं ठीक." मग ती स्वयंपाकाला लागायची. थकलेल्या माणसाला "सगळं ठीक" याच्याइतकं सोपं वाक्य नाही. पुढे काही बोलावं लागत नाही.

आणि मग एका सकाळी बरणीत रेघ दिसली.

थोडीच होती. दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी वहिनीनं बरणीमागून बरणी काढली, निव्वळ डिझेल येईपर्यंत काढली, आणि सुटलो म्हणून हुश्श केलं. पण त्याच आठवड्यात दुपारच्या फेरीला, खाडीच्या अगदी मधोमध, ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असताना इंजिन खोकलं. पांढरा धूर आला. एकदा दम खाऊन पुन्हा चाललं, आणि मग बंद. बोटीत कामावर निघालेली माणसं, एक पोटुशी बाई, एकाची सायकल, कोंबड्यांची खुराडी. सगळे एकदम गप्प झाले. इंजिनाच्या आवाजाची सवय झालेल्या माणसाला तो थांबल्यावर जी शांतता ऐकू येते ती फार वाईट.

दिरानं नांगर टाकला. तो लगेच धरेना, घसरत गेला. समोर पुलाचे खांब होते आणि खांबांपाशी पाणी भोवरे खात होतं. वहिनी खाली वाकली. गाळणीच्या खालची काचेची वाटी पाण्यानं भरलेली होती. तिनं वाटी रिकामी केली, गाळणी बदलली, नळीतली हवा काढायला स्क्रू सैल करून हातपंप मारत बसली. हवा फुसफुसत बाहेर यायची आणि डिझेल काही येत नव्हतं. वरून कोणीतरी म्हणालं, "कप्तान असते तर असं झालं नसतं." बोलणाऱ्यानं हळूच म्हटलं, पण बोट केवढी! वहिनीला ऐकू आलं. ती पंप मारत राहिली. नांगर धरला, मग डिझेल आलं, मग इंजिन धरलं. खांबांपर्यंत जायला फार काही उरलं नव्हतं. पोटुशी बाई उतरताना वहिनीच्या खांद्याला घट्ट धरून उतरली आणि तिच्या बोटांच्या खुणा संध्याकाळपर्यंत राहिल्या.

त्या दिवसापासून वहिनीची झोप उडाली. घरी मात्र ती पूर्वीसारखंच "काही नाही", "सगळं ठीक" म्हणत राहिली, आणि धक्क्यावरच्या कोणालाही कप्तानांना सांगवलं नाही. पाणी कुठून येतंय ते सापडलं नाही तर पुढच्या वेळी नांगर धरेलच असं नाही. दुसऱ्यांची पोरंबाळं बोटीत घेऊन जायचं म्हणजे गंमत नाही.

पहिला राग पंपवाल्यावर निघाला. धक्क्याबाहेर ज्याच्याकडून डिझेल यायचं त्या माणसाला तिनं चार लोकांत झापलं. "डिझेल विकता की पाणी?" तो बिचारा जुना माणूस. त्यानं तिच्याच कॅनमध्ये डिझेल भरलं, तिच्याच बरणीत काढलं, दोघं त्याच्या कट्ट्यावर बरणीकडे बघत बसले. रेघ आली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातली गत. वहिनीनं मान खाली घालून कॅन उचलले. "चहा घेऊन जा वहिनी," तो म्हणाला. तिला त्याचंच जास्त लागलं.

मग तिला आठवलं, कप्तान अशा वेळी काय करायचे. तिनं बरणीतलं वरचं डिझेल ओतून टाकलं, तळाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाईट झालं, पण चव लागली. खारं होतं. म्हणजे टाकीला घाम आलेला नव्हता. टाकीचा घाम गोडा असतो. पंपवाल्याचं पाणीही नव्हतं, त्याच्याकडे खारं पाणी कुठून येणार? हे खाडीचं पाणी होतं आणि ते वरून येत होतं. वरून यायला वाट एकच, ते पितळी झाकण.

तिनं रबराचं कडं बदललं. झाकणाचे आटे ब्रशनं घासले. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आली ती गोष्ट, जी खरं तर बरेच दिवस तिच्या हाताला कळत होती. संध्याकाळी भरायला म्हणून झाकण उघडायला जावं तर ते सहज फिरायचं. चावी लावायच्या आधीच अर्धा आटा सैल. पूर्वी उघडायला जोर लागायचा.

आदल्या संध्याकाळी आवळणारी ती स्वतःच. म्हणजे आपणच अर्धवट आवळतोय. दुसरं काय असणार?

हे कळल्यावर तिच्या अंगातलं उरलंसुरलं बळही गेलं. माणूस किती थकला म्हणजे आपल्या हातानं काय केलं तेही त्याला आठवत नाही? तिला आठवत होतं आवळल्याचं. मनगटात कळ यायची ती आठवत होती. पण झाकण तर सैल निघत होतं. गॅस बंद केला का, कप्तानांना संध्याकाळची गोळी दिली का, हेही ती मग दोनदोनदा बघायला लागली. एका संध्याकाळी तिनं दिराला बोलावून घेतलं. "भाऊजी, इकडे या. बघा. आवळलं की नाही?"

"आवळलंत," दीर म्हणाला.

"तुम्ही चावी लावून बघा."

त्यानं चावी लावली, झाकण हललं नाही. "काळ्या दगडावरची रेघ आहे वहिनी. आता काय माझी सही पाहिजे?" तो हसत म्हणाला. आणि दुसऱ्या संध्याकाळी झाकण पुन्हा सैल. तिनं दिराकडे पाहिलं तर तो दोरीचं वेटोळं नीट करण्यात एकाएकी फारच गुंतलेला. काहीतरी होतं ते तिला तेव्हाच कळलं. पण भांडायला जोर लागतो, तो तिच्यात नव्हता. तिनं झाकण आवळलं आणि घरी गेली.

दुपारची उन्हं चढली की फेऱ्या थोड्या वेळ बंद असायच्या. त्या वेळात वहिनी घरी जायची, कप्तानांना जेवायला वाढायची आणि पाठ टेकली की मेल्यासारखी झोपायची. कप्तान काठी घेऊन चहावाल्याकडे जातो म्हणून निघायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, त्यामुळे तिला बरंच वाटायचं. तेवढा वेळ घर शांत.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. शेजारणीला वाढायला सांगितलं आणि तिकिटाच्या खोपटात, पंख्याखाली, दार लोटून बसली. फटीतून बोट दिसत होती. दीर काठावर झाडाखाली डबा खात होता. तिला डुलकी लागणार एवढ्यात काठीचा आवाज आला.

कप्तान धक्क्याच्या उतारावरून येत होते. एक पाय टाकायचे, दुसरा ओढायचे, थांबायचे. दिरानं त्यांना पाहिलं आणि डब्यात तोंड घातलं. सगळी अळीमिळी गुपचिळी. कप्तान फळीवरून बोटीत चढले, आणि ते चढताना फळी हलत होती. चढायच्या आधी त्यांनी चपला झटकल्या. मग डेकवर बसकण मारून त्यांनी खिशातून चावी काढली. ती जुनी, जादा चावी, हरवली म्हणून तिनं सोडून दिलेली. डाव्या हातानं, गुडघ्याचा टेका देऊन त्यांनी झाकण उघडलं. आत मोजपट्टी बुडवली, बाहेर काढून पाहिली, शर्टाच्या टोकाला पुसली, पुन्हा बुडवली. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. आणि चेहरा असा होता की वहिनीनं तो झटका आल्यापासून पाहिलेला नव्हता. कामात असलेल्या माणसाचा चेहरा.

मग त्यांनी झाकण बसवलं. डाव्या हातानं फिरवलं, चावी निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. उजवा हात उचलून त्यावर ठेवला, दाबला. शेवटी तळहातानं झाकणावर दोन थापा मारल्या आणि काठी धरून उठले.

ते दिसेनासे होत नाहीत तोच दिरानं डबा धुतला, बादली खाडीत बुडवली आणि डेक धुवायला घेतला. बादलीवर बादली. पाणी त्या झाकणावर येऊन तळं करून थांबत होतं आणि हळूहळू खाली जात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कुठे ते पंपवाल्याचं डिझेल आणि कुठे हे.

वहिनी खोपटातून बाहेर आली तेव्हा तिला दया आली असती तर बरं झालं असतं. पण तिला राग आला. कितीतरी दिवस ती स्वतःला वेडी समजत होती. पुलाचे खांब अजून डोळ्यांसमोरून जात नव्हते. ती धावत चढ चढली, चहावाल्याच्या टपरीपाशी तिनं कप्तानांना गाठलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, टाकीत पाणी तुमच्यामुळे येतंय. तुमच्यानं झाकण घट्ट लागत नाही. बोट बुडवाल एक दिवस. पुन्हा हात लावू नका तिला."

चहावाल्यानं गाळणी तशीच धरून ठेवली. कप्तानांनी तिच्याकडे पाहिलं. खिशातून चावी काढून त्यांनी तिच्या हातात दिली आणि घराकडे वळले. चहा घेतला नव्हता.

मागून दीर धापा टाकत आला. "वहिनी, तो नुसता बघायला येतो म्हणाला होता. तुम्हाला सांगू नको म्हणाला. मला काय माहीत झाकणाचं?"

"तुम्हाला काही माहीत नसतं," वहिनी म्हणाली. पण रागानं नाही म्हणाली. राग तेवढ्यात संपला होता आणि मागे नुसता थकवा उरला होता.

दुसऱ्या दिवसापासून बरणीत रेघ आली नाही. इंजिन घड्याळासारखं चाललं. झाकण उघडायला पूर्वीसारखा जोर लागायला लागला. वहिनीनं जे मागितलं होतं ते सगळं मिळालं.

कप्तान मात्र खुर्चीतून उठेनात. चालायला जा म्हटलं तर म्हणायचे, "कुठे जाऊ?" दाढी वाढली. जेवताना घास गार होईपर्यंत तसाच ताटात. आणि संध्याकाळचा प्रश्न बंद झाला. वहिनी घरात यायची, चपला काढायची, वाट बघायची. ते खिडकीबाहेर बघत राहायचे. एकदा तिनं आपणहून सांगितलं, "आज थेंबही नाही." चांगली बातमी म्हणून सांगितलं. कप्तानांनी नुसती मान हलवली, आणि ती मान हलली तेव्हा वहिनीला कळलं की आपण काय सांगितलं. पाणी नाही म्हणजे दोष तुमचाच होता. रोज पाणी नाही म्हणजे रोज तुमचाच होता. हे असं आता जन्मभर.

ती रात्रभर कूस बदलत राहिली. तिला त्यांना बोटीवर न्यायचं नव्हतं, हलत्या फळीवरून ते पडले असते. घरी बसवून ठेवायचं तर माणूस डोळ्यांदेखत संपत चाललेला. इकडे आड तिकडे विहीर. आणि या सगळ्यात तिला खरं काय हवं होतं, तर कोणीतरी आठ दिवस तिला झोपू द्यावं. तेवढंच.

त्यानंतरच्या संध्याकाळी तिनं एक असं काम केलं जे तिनं स्वप्नातही केलं नसतं. टाकी भरून झाल्यावर बरणीत चांगलं डिझेल घेतलं आणि धक्क्यावरच्या नळाखाली धरून त्यात पाणी सोडलं. डिझेलमध्ये पाणी जाऊ नये म्हणून जिनं रोज पोटावर लोळण घेतली, तिनं आपल्या हातानं घातलं. मग फडक्यात गुंडाळून बरणी घरी घेऊन आली.

अजून उजेड होता. कप्तान खिडकीपाशी.

"हे बघा," ती म्हणाली. "सकाळी निघालं. पाणी अजून येतंय. म्हणजे तुमचं काही नव्हतंच. मी उगाच बोलले त्या दिवशी."

कप्तानांनी डाव्या हातानं बरणी घेतली. उजेडाकडे धरली, तिरकी केली, सरळ केली. वहिनी आत जाऊन भांडी वाजवायला लागली. काम नव्हतं, नुसती वाजवायला. बाहेरून काही आवाज येईना, म्हणून तिनं दारातून पाहिलं. कप्तानांनी बरणी गुडघ्यात धरून वरचं डिझेल जुन्या डब्यात ओतून टाकलं होतं आणि बोट जिभेला लावलं होतं.

"गोड आहे," ते म्हणाले.

खाडी समोर पसरलेली, आणि बाईनं नळ शोधला! थकलेल्या डोक्याला खोटंसुद्धा धड जमत नाही. "असेल," ती म्हणाली. "घाम असेल टाकीचा. काल पूर्ण भरली नव्हती मी."

"तू?" कप्तानांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तू टाकी भरली नाहीस?"

त्या प्रश्नात एवढा अविश्वास होता की वहिनीला पुढे खोटं बोलवेना. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाबद्दल याहून चांगलं काही म्हटलेलं नव्हतं. ती दारातच खाली बसली.

"नळाचं आहे," ती म्हणाली. "मीच घातलं. बरणीत घातलं, टाकीत नाही."

"टाकीत घालणार नाहीस ते माहीत आहे मला."

मग कप्तान म्हणाले, "झाकण घट्ट बसत नाही ते मला कळत होतं. पहिल्या दिवशीच कळलं. मी आंधळा नाही."

"मग?"

"मग काय? मनाशी म्हटलं, संध्याकाळी तू भरायला येतेस, तेव्हा आवळतेसच. मधल्या वेळात सैल राहिलं तर राहिलं. आभाळ कोरडं. पाणी येणार कुठून? डेक तर आपण भरायच्या आधी, संध्याकाळी धुतो, आणि झाकण तपासूनच धुतो."

"डेक दुपारी धुतात," वहिनी म्हणाली.

"दुपारी? हे कधीपासून?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून. संध्याकाळी मला तुमच्यासाठी लवकर घरी येता यावं, म्हणून भाऊजींनी दुपारवर नेलं."

कप्तानांनी बरणी खिडकीत ठेवली. बराच वेळ ते बरणीकडेच बघत राहिले. झटक्यानंतर त्यांच्या तोंडाची एक बाजू अधूनमधून हलायची, ती आता हलत होती.

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर वहिनीनं उत्तर दिलं असतं. तिच्याकडे उत्तर होतंही: कशाला उगाच तुमच्या डोक्याला त्रास. पण ते तिला त्या क्षणी तोंडातून काढता येईना. रोज संध्याकाळी त्यांनी "बाकी?" विचारलं होतं आणि रोज तिनं "सगळं ठीक" म्हणून त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं. त्यांचीच बोट, त्यांच्याशिवाय बदलत गेली, आणि ते चोरासारखे दुपारी जाऊन जुन्याच बोटीची टाकी तपासत राहिले. वहिनीला रडू आलं. तिनं डोळे पुसलेही नाहीत, पुसायला हात उचलावा लागतो.

"आणखी काय काय बदललंय?" कप्तानांनी विचारलं.

तिची पाठ ठणकत होती. भात टाकायचा होता, उद्याचे कॅन सांगायचे होते, डोळे मिटत होते. उद्या सांगते म्हणावं, असं ओठांपर्यंत आलं. मग तिनं पाट ओढला आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसली.

"सुकाणूची साखळी नवी आहे," ती म्हणाली. "जरा जाड घातली. पलीकडची शेवटची फेरी बंद केली. बाकांवरची ताडपत्री फाटली म्हणून पत्रा टाकलाय. आणि मागच्या..."

"थांब, थांब. एकेक सांग," कप्तान खुर्चीत पुढे सरकले. "जाड साखळी? ती चाकात अडकते. कोणत्या गाढवानं सांगितली घालायला?"

"मीच घातली," वहिनी म्हणाली, आणि का घातली ते सांगायला लागली.